प्रोसेसर रचनेतून संगणक स्थापत्याचे अध्यापन

प्रोसेसर रचनेतून संगणक स्थापत्याचे अध्यापन ही अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमातील एक प्रायोगिक अध्यापनपद्धती आहे. या पद्धतीत विद्यार्थी संगणकाची अंतर्गत रचना केवळ व्याख्याने व आकृत्या यांवरून शिकत नाहीत. ते एक लहान, परंतु पूर्णपणे चालणारा प्रोसेसर स्वतः रचतात, त्यावर आज्ञावली चालवून पाहतात आणि त्यातील चुका शोधून दुरुस्त करतात. हा प्रोसेसर सिम्युलेटरमध्ये, एफपीजीए या पुनर्रचनाक्षम चिपवर किंवा क्वचित प्रत्यक्ष सिलिकॉनवर साकार केला जातो. संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिकी व विद्युत अभियांत्रिकी या शाखांच्या दुसऱ्या ते चौथ्या वर्षांत ही पद्धती सामान्यतः वापरली जाते.

या पद्धतीमागील मुख्य भूमिका अशी की, प्रोसेसरचे कार्य समजले आहे असे वाटणे आणि ते खरोखर समजणे यांतील अंतर विद्यार्थ्याच्या स्वतःच्या रचनेने चुकीचे उत्तर दिल्यावरच उघड होते. त्यामुळे तयार प्रोसेसरइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व दोषशोधाच्या प्रक्रियेला दिले जाते.

संकल्पना

संगणक स्थापत्य या विषयाच्या दोन पातळ्या मानल्या जातात. पहिली आज्ञासंचाची. प्रोसेसर कोणत्या आज्ञा जाणतो, त्याच्याकडे किती रजिस्टर आहेत आणि मेमरीतील पत्ता कसा ठरतो, हे आज्ञासंच सांगतो. आज्ञासंच हा आज्ञावली लिहिणारा आणि चिप घडविणारा यांच्यातील करार होय. दुसरी पातळी सूक्ष्मस्थापत्याची. हा करार पाळण्यासाठी आतील मंडले कशी जोडावीत, हा तिचा विषय. एकाच आज्ञासंचाचे अनेक प्रोसेसर असू शकतात. त्यांतील काही साधे व संथ, तर काही गुंतागुंतीचे व वेगवान असतात. मात्र एकच आज्ञावली त्या सर्वांवर सारखेच उत्तर देते.

पारंपरिक अध्यापनात पहिली पातळी प्रात्यक्षिकातून आणि दुसरी फळ्यावरील आकृत्यांतून शिकविली जाते. भारतातील महाविद्यालयांत दीर्घकाळ रूढ असलेले ८०८५ चे किट हे याचे परिचित उदाहरण आहे. इंटेल कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणलेला हा आठ बिटांचा मायक्रोप्रोसेसर किटवर बसविलेला असतो. विद्यार्थी सोळा-अंकी कळफलकावरून आज्ञांचे संकेतांक मेमरीत भरतात आणि उत्तर सात-खंडी दर्शकावर पाहतात. यातून प्रोसेसर वापरण्याचे ज्ञान मिळते. तो तसा का वागतो याचे उत्तर मिळत नाही. किटवर उत्तर चुकले, तर चूक विद्यार्थ्याच्या आज्ञावलीत असते, प्रोसेसरमध्ये नव्हे. प्रोसेसर रचनेच्या पद्धतीत हे गृहीतच नाहीसे होते. आज्ञावली बरोबर असूनही उत्तर चुकू शकते आणि दोष कोणत्या पातळीवर आहे हे विद्यार्थ्यालाच ठरवावे लागते.

इतिहास

विद्यार्थ्यांनी स्वतः चिप रचण्याच्या परंपरेचा आरंभ १९७० च्या दशकाच्या अखेरीस झाला. कार्व्हर मीड व लिन कॉनवे यांनी चिपरचनेचे नियम सुटसुटीत करून ते विद्यापीठीय अध्यापनाच्या आवाक्यात आणले. १९७८ मध्ये कॉनवे यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथे हा विषय शिकविला. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांच्या रचना एकत्र करून प्रत्यक्ष चिप तयार करून घेण्यात आल्या. त्या वर्गातील गाय स्टील या विद्यार्थ्याने लिस्प भाषेसाठीचा एक प्रोसेसर रचला होता. अनेकांच्या रचना एकाच सिलिकॉन चकतीवर बसवून खर्च वाटून घेण्याची कल्पना पुढील वर्षी अनेक विद्यापीठांत राबविण्यात आली आणि १९८१ मध्ये मोसिस या सेवेच्या रूपाने ती स्थिरावली.

याच काळात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत डेव्हिड पॅटरसन व कार्लो सेक्विन यांच्या मार्गदर्शनाखाली पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी रिस्क-१ हा प्रोसेसर रचला. त्यात सुमारे ४४ हजार ट्रान्झिस्टर होते. त्या काळच्या मोटोरोला ६८००० या व्यावसायिक प्रोसेसरमध्ये सुमारे ६८ हजार होते. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन हेनेसी यांच्या गटाने १९८१ पासून मिप्स हा प्रकल्प चालविला. मोजक्या, एकसारख्या आकाराच्या आज्ञा असलेला प्रोसेसर वर्गात रचता येतो आणि तो वेगवानही असतो, हे या दोन्ही प्रकल्पांनी दाखवून दिले. हेनेसी व पॅटरसन यांना या कार्यासाठी २०१७ चा ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला. त्यांच्या पाठ्यपुस्तकांमुळे मिप्स हा आज्ञासंच जगभरच्या पदवी वर्गांत पोहोचला.

पदवी स्तरावर ही पद्धती रुजण्यास तीन गोष्टी कारणीभूत ठरल्या. पहिली, १९८५ मध्ये झायलिंक्स कंपनीने बाजारात आणलेली एफपीजीए चिप. तिच्यातील मंडल पुन्हा पुन्हा बदलता येत असल्याने प्रत्येक प्रयोगासाठी नवी चिप बनविण्याची गरज उरली नाही. दुसरी, व्हेरिलॉग व व्हीएचडीएल या हार्डवेअर वर्णन भाषा. त्यांमुळे मंडल चित्ररूपाऐवजी शब्दांत मांडता येऊ लागले. तिसरी, २०१० मध्ये बर्कली येथे सुरू झालेला रिस्क-व्ही हा मुक्त आज्ञासंच. तो वापरण्यासाठी कोणाचीही परवानगी वा शुल्क लागत नाही. त्यामुळे वर्गातील प्रोसेसर आणि उद्योगातील प्रोसेसर एकाच आज्ञासंचावर आधारलेले असणे शक्य झाले.

अभ्यासक्रमाची घडण

अशा अभ्यासक्रमात साधारणतः एका सत्रात पुढील टप्पे घेतले जातात.

१. घटक मंडले : लॉजिक गेटपासून बेरीज मंडल, निवड मंडल आणि रजिस्टर तयार केले जातात. यांतूनच अंकगणित व तर्कक्रिया करणारे एकक, म्हणजे एएलयू, उभे राहते.

२. आज्ञासंचाचा अभ्यास : विद्यार्थी त्या आज्ञासंचात लहान आज्ञावली लिहितात आणि प्रत्येक आज्ञेचे बिटांत रूपांतर हाताने करून पाहतात.

३. एकचक्री प्रोसेसर : प्रत्येक आज्ञा क्लॉकच्या एका ठोक्यात पूर्ण होते. विद्यार्थी प्रथम डेटापाथ, म्हणजे माहिती ज्या वाटांनी वाहते तो मार्ग, जोडतात. नंतर कोणत्या आज्ञेला कोणती वाट उघडी ठेवायची हे ठरविणारे नियंत्रण मंडल रचतात.

४. पाइपलाइन : आज्ञेचे टप्पे पाडून अनेक आज्ञा एकाच वेळी वेगवेगळ्या टप्प्यांत चालविल्या जातात.

५. विस्तार : वेळ असल्यास कॅश मेमरी, शाखेचे पूर्वानुमान, गुणाकार एकक किंवा इनपुट-आउटपुट साधने जोडली जातात.

टप्प्यांचा हा क्रम महत्त्वाचा मानला जातो. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी काहीतरी चालणारे हाती असते आणि पुढील टप्प्यातील चुका मागील रचनेशी ताडून पाहता येतात. एकचक्री प्रोसेसर संथ असला, तरी त्याचे उत्तर बरोबर असते. म्हणून पाइपलाइनच्या चाचणीत तोच कसोटीचा दगड ठरतो.

रिस्क-व्हीचा मूळ ३२ बिटांचा पूर्णांक आज्ञासंच या क्रमाला सोयीचा आहे. त्यात ४० आज्ञा, ३२ रजिस्टर आणि आज्ञांचे सहा साचे आहेत. कोणत्या रजिस्टरमधून वाचायचे आणि कोणत्यात लिहायचे हे सांगणारे बिट सर्व साच्यांत ठरावीक जागीच असतात. त्यामुळे आज्ञा पूर्णपणे उलगडण्याआधीच रजिस्टर वाचण्यास आरंभ करता येतो. ही सोय आज्ञासंच ठरविणाऱ्यांनी हेतुपुरस्सर केली आहे, हे पुस्तकात वाचून लक्षात राहतेच असे नाही. नियंत्रण मंडल स्वतः रचताना मात्र ती किती तारा आणि किती निवड मंडले वाचविते हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात येते.

पाइपलाइन आणि तिच्यातील अडथळे

पाइपलाइन हा या अभ्यासक्रमाचा सर्वांत कठीण भाग होय. तिचे तत्त्व सोपे आहे. आज्ञा आणणे, ती उलगडणे, क्रिया करणे, मेमरीशी व्यवहार करणे आणि उत्तर रजिस्टरमध्ये लिहिणे असे पाच टप्पे मानले व त्यांना अनुक्रमे ३, २, ३, ४ व २ नॅनोसेकंद लागतात असे उदाहरणादाखल धरले, तर एकचक्री प्रोसेसरच्या क्लॉकचा ठोका किमान १४ नॅनोसेकंदांचा असावा लागतो. पाइपलाइनमध्ये तो सर्वांत संथ टप्प्याइतका, म्हणजे ४ नॅनोसेकंदांचा पुरतो. टप्प्यांच्या मधल्या रजिस्टरांना लागणारा वेळ बाजूला ठेवल्यास १,००० आज्ञांना पहिल्या रचनेत १४,००० आणि दुसऱ्या रचनेत ४,०१६ नॅनोसेकंद लागतात. वेग पाचपट न होता सुमारे साडेतीनपटच का होतो, याचे उत्तर या आकड्यांतच आहे : टप्पे समान लांबीचे नाहीत.

प्रत्यक्षात हा वेगही पूर्णपणे हाती लागत नाही. एखादी आज्ञा बेरीज करून उत्तर पाचव्या रजिस्टरमध्ये ठेवते आणि लगेच पुढील आज्ञा तेच रजिस्टर वाचते, असे समजा. पहिली आज्ञा आपले उत्तर पाचव्या ठोक्याला लिहिते. दुसरी मात्र तिसऱ्याच ठोक्याला रजिस्टर वाचून मोकळी होते. तिला जुनी संख्या मिळते आणि उत्तर चुकते. यावरील उपायास फॉरवर्डिंग म्हणतात. उत्तर एएलयूतून बाहेर पडताच, रजिस्टरमध्ये लिहिले जाण्याची वाट न पाहता, ते थेट पुढील आज्ञेला पुरविले जाते. मात्र पहिली आज्ञा मेमरीतून संख्या आणणारी असेल, तर ती संख्या एक टप्पा उशिरा उपलब्ध होते. अशा वेळी दुसऱ्या आज्ञेला एक ठोका थांबविण्यावाचून गत्यंतर नसते. वरील उदाहरणात १,००० पैकी २०० आज्ञांमुळे असा एकेक ठोका वाया गेला, तर एकूण वेळ ४,८१६ नॅनोसेकंद होतो आणि वेगवाढ तिपटीच्याही खाली येते.

शाखा आज्ञा हा दुसरा अडथळा. अट खरी की खोटी हे क्रियेच्या टप्प्यात ठरेपर्यंत मागून दोन आज्ञा पाइपलाइनमध्ये शिरलेल्या असतात. शाखा घ्यावयाची ठरल्यास त्या दोन्ही रद्द कराव्या लागतात. त्या रद्द करण्यास विसरलेला प्रोसेसर बहुतेक आज्ञावलींत विचित्र उत्तरे देतो. परंतु शाखेनंतरच्या आज्ञा निरुपद्रवी असतील, तर तो बरोबर असल्यासारखाच भासतो.

चाचणी आणि दोषशोध

या पद्धतीने शिकविणाऱ्या अभ्यासक्रमांत चाचणी हा स्वतंत्र विषय मानला जातो. विद्यार्थी आपल्या रचनेबरोबर तिची चाचणी करणारी मंडले व आज्ञावलीही लिहितात. काही नमुनेदार दोष विद्यार्थ्यांच्या रचनांत वारंवार आढळतात.

चिन्हविस्तारातील दोष : रिस्क-व्हीमध्ये आज्ञेतच दिलेली संख्या वजा करण्यासाठी वेगळी आज्ञा नाही, त्याऐवजी ऋण संख्या मिळविली जाते. उणे एक ही संख्या बारा बिटांत लिहिली असता सर्व बिट एक असतात. ती बत्तीस बिटांत नेताना वरचे बिट एकने भरावे लागतात. विद्यार्थ्याने ते शून्याने भरले, तर उणे एकचे ४,०९५ होतात आणि दहापासून खाली मोजणारी आवृत्ती पहिल्याच पावलाला ४,१०५ वर जाते. केवळ धन संख्यांवर केलेल्या चाचणीत हा दोष कधीच दिसत नाही.

शून्य रजिस्टरचा दोष : रिस्क-व्हीमध्ये पहिले रजिस्टर नेहमी शून्यच असते, त्यात काहीही लिहिले तरी ते टिकत नाही. विद्यार्थी रजिस्टरांच्या मांडणीत हा नियम पाळतात, पण फॉरवर्डिंगच्या मंडलात तो विसरतात. मग त्या रजिस्टरला लिहिणाऱ्या आज्ञेच्या पाठोपाठ ते वाचणारी आज्ञा आली की शून्याऐवजी भलतीच संख्या पुढे जाते.

दुहेरी अवलंबनाचा दोष : लागोपाठच्या दोन आज्ञा एकाच रजिस्टरमध्ये लिहीत असतील, तर तिसऱ्या आज्ञेला त्यांपैकी नंतरच्या आज्ञेचे उत्तर मिळाले पाहिजे. निवडीचा क्रम उलटा झाल्यास जुने उत्तर पुढे जाते.

अनाहूत लॅच : हार्डवेअर वर्णन भाषेत एखाद्या स्थितीसाठी मूल्य द्यायचे राहून गेले, तर मंडल जुने मूल्य धरून ठेवते आणि नकळत एक स्मृतिघटक तयार होतो. सिम्युलेटरमध्ये बरोबर चाललेली रचना एफपीजीएवर बिघडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

या चौथ्या दोषाच्या मुळाशी एक व्यापक अडचण आहे. सी किंवा पायथनसारख्या भाषेत ओळी एकामागून एक चालतात, अशी विद्यार्थ्यांची सवय झालेली असते. हार्डवेअर वर्णन भाषेतील मजकूर दिसायला आज्ञावलीसारखा असला, तरी तो मंडलाचे वर्णन असतो आणि त्यातील सर्व भाग एकाच वेळी कार्यरत असतात. म्हणून, आधी कागदावर मंडलाची आकृती काढावी आणि मगच भाषेकडे वळावे, असा दंडक अनेक शिक्षक घालून देतात.

चाचणीची सर्वमान्य रीत म्हणजे तुलना. एकच आज्ञावली विद्यार्थ्याच्या प्रोसेसरवर आणि विश्वासार्ह सिम्युलेटरवर चालवून प्रत्येक आज्ञेनंतर रजिस्टरांतील मूल्ये ताडून पाहिली जातात. जेथे प्रथम फरक पडतो तेथून तरंगाकृतींच्या साहाय्याने मागे जात दोषापर्यंत पोहोचता येते. चुकीचे अंतिम उत्तर आणि मूळ चूक यांच्यात शेकडो ठोक्यांचे अंतर असू शकते.

अशा दोषांचे परिणाम वर्गापुरते मर्यादित नसतात, हे दाखविण्यासाठी पेंटियम प्रोसेसरमधील भागाकाराच्या दोषाचे उदाहरण दिले जाते. भागाकारासाठी वापरल्या जाणाऱ्या एका कोष्टकातील पाच नोंदी गहाळ झाल्याने तो प्रोसेसर काही विशिष्ट संख्यांच्या भागाकारात चूक करीत असे. अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांनी १९९४ मध्ये हा दोष उघडकीस आणला. चिप बदलून देण्यापायी इंटेलला ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली.

साधने

प्रारंभिक टप्प्यांसाठी लॉजिसिमसारखे चित्ररूप सिम्युलेटर वापरतात. त्यात गेट व तारा पडद्यावर ओढून जोडता येतात आणि तारेतून वाहणारे मूल्य रंगाने कळते. पुढील टप्प्यांत व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल वापरली जाते. आयकॅरस व्हेरिलॉग व व्हेरिलेटर ही सिम्युलेशनची, जीटीकेवेव्ह हे तरंगाकृती पाहण्याचे आणि योसिस हे वर्णनाचे गेटमध्ये रूपांतर करण्याचे साधन मुक्त स्रोत स्वरूपात उपलब्ध आहे. ही साधने साध्या संगणकावरही चालत असल्याने, एफपीजीए फलक घेणे परवडत नाही अशा महाविद्यालयांतही अभ्यासक्रमाचा बराचसा भाग पार पाडता येतो.

एफपीजीए फलकाचे स्वतंत्र महत्त्व मात्र उरतेच. सिम्युलेटरमध्ये वेळेचे बंधन जाणवत नाही. फलकावर मात्र दोन रजिस्टरांमधील मंडलाचा विलंब क्लॉकच्या ठोक्याहून अधिक झाला की रचना फसते. सर्वांत लांब वाट कोणती आणि ती कशी आखूड करावी, हा धडा प्रत्यक्ष यंत्रावर अधिक ठळकपणे मिळतो.

प्रमुख अभ्यासक्रम

नँड टू टेट्रिस : नोआम निसान व शिमॉन शोकेन या इस्रायली प्राध्यापकांनी हा अभ्यासक्रम घडविला. त्यांचे पाठ्यपुस्तक २००५ मध्ये एमआयटी प्रेसने प्रसिद्ध केले. केवळ नँड गेटपासून आरंभ करून विद्यार्थी हॅक नावाचा सोळा बिटांचा संगणक रचतात. त्यात आज्ञांचे दोनच प्रकार असून एएलयूचे कार्य सहा नियंत्रण बिटांनी ठरते. एकूण बारा प्रकल्पांपैकी उत्तरार्धात आभासी यंत्र, कंपायलर व लहान ऑपरेटिंग सिस्टिम घडविली जाते. सर्व पातळ्या एका सूत्रात गुंफणे हे त्याचे बलस्थान; पाइपलाइनचा समावेश नसणे ही त्याची मर्यादा.

बीटा : एमआयटीच्या संगणनरचना या पदवी विषयात विद्यार्थी दीर्घकाळ बीटा हा ३२ बिटांचा प्रोसेसर रचत आले. त्यातील ३२ रजिस्टरांपैकी शेवटचे नेहमी शून्य असते.

एलसी-३ : येल पॅट व संजय पटेल यांच्या पाठ्यपुस्तकातील हा सोळा बिटांचा, आठ रजिस्टरांचा संगणक आहे. त्याच्या एलसी-३बी या सुधारित रूपासाठी टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील शाखेत विद्यार्थी सी भाषेत असेंब्लर व सिम्युलेटर लिहितात. हार्डवेअर वर्णन भाषेवाचूनही अशा प्रकारचे अध्यापन करता येते, याचे हे उदाहरण होय.

आयआयटीबी-रिस्क : मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत (आयआयटी मुंबई) अध्यापनासाठी हा सोळा बिटांचा, आठ रजिस्टरांचा प्रोसेसर योजण्यात आला. त्याची दोन वैशिष्ट्ये विद्यार्थ्यांची कसोटी पाहतात. एक, प्रोग्राम काउंटर हे आठ रजिस्टरांपैकीच एक असल्याने साधी बेरीजही त्यात लिहून उडी घडवू शकते. दोन, एकाच आज्ञेने अनेक रजिस्टर मेमरीतून भरण्याची किंवा मेमरीत साठविण्याची सोय असल्याने ती आज्ञा एका ठोक्यात संपत नाही आणि मागील आज्ञांना थांबवून ठेवावे लागते. आज्ञासंच लहान असणे म्हणजे रचना सोपी असणे नव्हे, हे यातून विद्यार्थ्यांस कळते.

भारतातील स्थिती

महाराष्ट्रासह देशातील अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत प्रोसेसरशी संबंधित आशय वेगवेगळ्या विषयांत विभागलेला असतो. अंकीय इलेक्ट्रॉनिकीत गेट व काउंटर, मायक्रोप्रोसेसरच्या विषयात ८०८५, ८०८६ किंवा ८०५१ यांवरील आज्ञावली, संगणक संघटनेच्या विषयात पाइपलाइनचा सिद्धांत आणि व्हीएलएसआयच्या प्रयोगशाळेत एएलयू, शिफ्ट रजिस्टर यांसारखी सुटी मंडले येतात. हे विषय अनेकदा वेगवेगळ्या सत्रांत, वेगवेगळे शिक्षक शिकवितात. प्रोसेसर घडविण्यास लागणारे सर्व भाग विद्यार्थ्याने हाताळलेले असतात. ते एकत्र जोडण्याचा प्रसंग मात्र येतोच असे नाही. प्रोसेसर रचनेचा प्रकल्प हे भाग एकत्र आणतो, म्हणून त्यासाठी नव्या विषयापेक्षा विषयांच्या समन्वयाची अधिक गरज असते, असे या पद्धतीचे समर्थक मानतात.

देशात प्रोसेसर रचनेचे प्रकल्पही झाले आहेत. आयआयटी मद्रास येथील शक्ती हा रिस्क-व्हीवर आधारित प्रकल्प, तिरुवनंतपुरम येथील सी-डॅकचे वेगा प्रोसेसर आणि आयआयटी मुंबईचा अजित हा स्पार्क आज्ञासंचावरील प्रोसेसर ही त्यांची उदाहरणे होत. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या स्वदेशी मायक्रोप्रोसेसर स्पर्धेत शक्ती व वेगा वापरून उपकरणे घडविण्याचे आवाहन विद्यार्थी व नवउद्योगांना करण्यात आले. त्यानंतरच्या चिप्स टू स्टार्टअप या कार्यक्रमात पाच वर्षांत ८५ हजार जणांना चिपरचनेचे प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. अशा मनुष्यबळाची गरज वाढल्याने, पदवी स्तरावर केवळ प्रोसेसर वापरणारे की तो रचू शकणारे अभियंते घडवायचे, हा प्रश्न अभ्यासक्रमांच्या चर्चेत अधिक महत्त्वाचा ठरला आहे.

मूल्यमापन

प्रोसेसर चालतो की नाही, एवढ्यावरच गुण दिल्यास या पद्धतीचा हेतू साध्य होत नाही. विद्यार्थ्यांच्या रचना पुष्कळ अंशी सारख्या असतात आणि रिस्क-व्हीचे तयार प्रोसेसर आंतरजालावर विनामूल्य मिळतात. त्यामुळे नक्कल करणे सोपे असते. मजकूर व आज्ञावली रचून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी ते आणखी सोपे केले आहे. सत्राच्या अखेरीस जर्नल पूर्ण करून सही घेणे, एवढेच प्रात्यक्षिकाचे स्वरूप उरण्याचा धोका येथेही असतो.

यावर काही उपाय योजले जातात. आज्ञासंचात दरवर्षी एखादी नवी आज्ञा घालून ती रचनेत बसविण्यास सांगितले जाते. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याच्याच रचनेत मुद्दाम एक दोष घालून तो ठरावीक वेळेत शोधावयास दिला जातो. काही ठिकाणी दोषांची नोंदवही ठेवणे बंधनकारक असते. प्रत्येक दोष कसा दिसला, कारण कोणते निघाले आणि पुढे तो पकडण्यासाठी कोणती चाचणी जोडली, हे विद्यार्थी तीत लिहितात. गटप्रकल्पात एकट्यानेच सर्व काम करू नये म्हणून रचना आणि चाचणी यांची जबाबदारी टप्प्याटप्प्याने आलटून पालटून दिली जाते.

मर्यादा आणि आक्षेप

या पद्धतीवरील मुख्य आक्षेप वेळेचा आहे. एका सत्रातील बराच भाग पाच टप्प्यांच्या पाइपलाइनवर खर्ची पडतो. परिणामी बहुगाभा प्रोसेसर, आभासी स्मृती, ऊर्जेचा वापर आणि ग्राफिक्स प्रोसेसर यांसारख्या विषयांना पुरेसा वाव राहत नाही. आधुनिक प्रोसेसर आज्ञा क्रम सोडून चालवितात व एका ठोक्यात अनेक आज्ञा हाती घेतात. त्यांच्या तुलनेत वर्गातील प्रोसेसर फारच साधा असतो. सॉफ्टवेअर क्षेत्रात जाणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना हार्डवेअर वर्णन भाषेचा पुढे उपयोग होत नाही, असेही म्हटले जाते. सिम्युलेटरच्या साहाय्याने वेगवेगळ्या रचनांची मोजमापे करून तुलना करणे हा अशांसाठी अधिक योग्य मार्ग मानला जातो.

समर्थकांच्या मते, फॉरवर्डिंग व शाखेचा खर्च स्वतः हाताळलेल्या विद्यार्थ्याला पुढील गुंतागुंतीच्या कल्पना समजून घेण्यासाठी पाया मिळतो आणि आपली आज्ञावली संथ का चालते याचा विचार तो यंत्राच्या पातळीवर करू शकतो. शिक्षकांवरील भार ही मात्र दोन्ही पक्षांना मान्य असलेली अडचण आहे. प्रत्येक गटाचा दोष वेगळा असतो आणि तो सांगून न टाकता विद्यार्थ्याला त्याच्यापर्यंत पोहोचू देण्यासाठी वेळ, प्रशिक्षित साहाय्यक आणि प्रयोगशाळेचे खुले तास लागतात. मोठ्या विद्यार्थिसंख्येच्या महाविद्यालयांत ही पद्धती राबविताना साधनांच्या किमतीपेक्षा हीच गोष्ट अधिक निर्णायक ठरते.